वाळूचा दगड

माझ्या वडलांना आम्ही दादा म्हणायचो, आणि दादा विहिरी खोदायचे. खोदायचे म्हणजे नुसती टिकाव-फावड्यानं माती उपसणं नाही. ते सुरुंगवाले होते. आमच्याकडच्या काळ्या दगडाला पहारीनं भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, वाती लावायच्या, त्या पेटवायच्या आणि शिडीनं भराभरा वर येऊन लांब पळायचं, हे त्यांचं काम. पेटवणारा माणूस सगळ्यात शेवटी वर येतो. ही एवढी एक गोष्ट मायला लग्नाआधी कुणी सांगितली नव्हती, आणि ती कळल्यापासून तिच्या जिवाला जो घोर लागला तो लागलाच. दौलताबादच्या पलीकडं, शेंद्र्याकडं, जिथं काम निघेल तिथं दादा सोमवारी पहाटे जायचे आणि शनिवारी दिवेलागणीला परत यायचे. मधले दिवस माय नुसती कान देऊन असायची. कुठं टायर फुटलं, कुणाच्या वरातीत फटाका वाजला, की तिच्या हातातलं काम थांबायचं. आता दादांची विहीर दहा कोसांवर, तिथला बार आमच्या गल्लीत ऐकू येणार कसा? पण हे तिला सांगून उपयोग नव्हता. तिला माहीत होतं, आणि तरी ती थांबायची.

दादा मात्र भलतेच बिनघोर. इतकी वर्षं बारांच्या जवळ काढल्यामुळं त्यांचे कान जाड झाले होते, त्यामुळं ते बोलायचे मोठ्यानं आणि हसायचे त्याहून मोठ्यानं. शनिवारी ते आले की अख्ख्या गल्लीला कळायचं. दारात पाय ठेवायच्या आधी ओरडायचे, शकूच्या माय, जिता हाय गं. मायला हा विनोद अजिबात आवडायचा नाही. ती तोंड फिरवून चुलीपुढं बसायची, पण त्या दिवशी येसराच्या आमटीत तिचा हात जरा सैल पडायचा, लसूण जास्त, तिखट जास्त, आणि गरम भाकरी थेट तव्यावरून दादांच्या ताटात. भाकरीचा पापुद्रा उचलून त्यात ते आमटी ओतायचे आणि भुरके मारत खायचे. मी आणि धाकटा बाळू, दोघं त्यांच्या दोन मांड्यांना टेकून. त्यांच्या अंगाला सुरुंगाच्या दारूचा करपट वास यायचा. मला तो वास फार आवडायचा, आणि मायला तो नकोसा व्हायचा, म्हणून ती जेवणाआधी त्यांना आंघोळीला पिटाळायची. आजीआजोबांच्या पिढीनं दीक्षा घेतली तेव्हा आमच्या घरातले सगळे देव बाहेर गेले होते. दादा मायला चिडवायचे, की देव सोडले, नवस सोडले, एवढी भीती तेवढी सोडायची राहिली तुझी. माय म्हणायची, तुम्ही वात लावणं सोडा, मी आत्ता सोडते.

हल्लीच आमच्या इमारतीच्या शेजारच्या प्लॉटवर बोअर घ्यायला मशीन आलं होतं. दिवसभर खडखडाट, आणि सगळीकडं राखाडी धूळ. शेजारच्या बाई वैतागून खिडक्या लावून बसल्या. मी मात्र गॅलरीत खुर्ची टाकून बसले. नळीतून बाहेर पडणाऱ्या धुळीचा रंग कधी बदलतो ते बघत होते. नातू म्हणाला, आजी, तुला एवढं काय बघायचं असतं त्यात? मी त्याला म्हटलं, खाली कुठला दगड आहे ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी तीस-पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्याला वाटलं असणार त्यामुळंच असेल.

तर मी नववीत होते त्या वर्षी मायच्या माहेरी विहिरीचं काम निघालं. मायचं माहेर पाचोडपासून पायी तासाभराच्या वाटेवर. गावाच्या कडेला आपल्या लोकांची वस्ती, पंधरावीस घरं. त्या वस्तीला स्वतःची विहीर नव्हती. गावातल्या एका मोठ्या घराच्या मळ्यात जावं लागायचं, आणि तिथं आपण बादली सोडायची नाही. काठापासून लांब घागरी मांडून बसायचं. मळ्यातला गडी मोकळा झाला की तो शेंदून ओतणार. नाही झाला तर नाही. उन्हाळ्यात बायका दुपारदुपार तिथं बसून राहायच्या. मायनं स्वतः लग्नापर्यंत हेच केलं होतं. सरकारातून वस्तीसाठी विहीर मंजूर झाली, जागा ठरली, आणि काम दादांना मिळालं. मायचा भाऊ किसनमामा हे सांगायला शहरात आला तेव्हा माय आनंदानं रडली आणि लगेच दुसऱ्या दमात विचारलं, दगड कसाय तिथं? मामा म्हणाला, ताई, दगड तो दगड, काळाच असणार. मायचा चेहरा उतरला.

पण तो काळा नव्हता. दोन आठवड्यांनी दादा आले ते हसतच. वरची काळी माती गेली, मग चुनखडी मिसळलेली पिवळी माती गेली, आणि खाली लागला एक भलताच दगड. पिवळट, रवाळ, सगळा वाळूचा. त्यात लाल-पांढऱ्या गारगोट्या नि गोल गोटे रुतून बसलेले. नखानं खरवडलं तर वाळू सुटते आणि टिकाव मारला तर जुन्या गुळासारखी ढेप निघते. दादांनी जन्मात असा दगड फोडला नव्हता. ते डोंगराकडचे, त्यांनी काळ्या दगडाशिवाय दुसरं काही पाहिलंच नव्हतं. ते मायला म्हणाले, सुरुंगाची गरजच नाय. दारूची पेटी तशीच परत आणलीय बघ. त्यांनी जेवणाच्या डब्यातून शिंपले काढले, नदीत असतात तसले, अर्धे दगडाला चिकटलेले. एवढ्या खोल जमिनीत शिंपले कसे, म्हणून मी आणि बाळू चक्रावून गेलो. मायनं ते धुवून ताटलीत ठेवले आणि किती वेळ बघत बसली. त्या आठवड्यात ती घरात गुणगुणत होती. फटाका वाजला तरी तिचे हात थांबले नाहीत. मी तिला तशी कधीच पाहिली नव्हती. मला वाटलं, अशीच असती आपली माय तर काय मजा आली असती.

तो दगड काय होता हे मला पुढं कॉलेजात कळलं. गोदावरी फार पूर्वी तिथून वाहत होती. किती पूर्वी ते विचारू नका, माणसाच्या हिशेबातलं नाही ते. तिनं वाळू आणली, गोटे आणले, शिंपले आणले, टाकले, आणि पात्र बदलून निघून गेली. मागं राहिलेली वाळू चुन्यानं हळूहळू चिकटत गेली आणि तिचा दगड झाला. कोरडी आहे तोवर ती चांगली दगडासारखी उभी राहते. पाण्यात भिजली की तिला आपण वाळू होतो हे आठवतं. पुस्तकात हे वाचलं तेव्हा मी लायब्ररीत होते, आणि मला तिथून उठून बाहेर यावं लागलं.

उन्हाळ्याची सुट्टी लागली तसे आम्ही तिघं मामाकडं राहायला गेलो. मी नववीची परीक्षा दिलेली, वयाच्या मानानं थोराड आणि भलती चौकस. रोज सकाळी मामी आणि माय मिळून भाकरी बडवायच्या, सगळ्या कामकऱ्यांच्या; चुलीजवळ धूर, बाहेर ऊन, आणि दोघींच्या हातांचा थपथप आवाज. शेंगदाण्याची चटणी, कांदा, कधी पातळ पिठलं, कधी सुकट. ती टोपली डोक्यावर घेऊन विहिरीवर जायचं काम माझं. विहीर चार परस खोल गेली होती, म्हणजे चार माणसं एकावर एक उभी केली तर वरच्याचं डोकं काठाला लागेल एवढी. काठावर यारी बसवलेली, तिचं चाक फिरवून दगडामातीचा डोल वर ओढायचे. मी पालथी पडून आत बघायची. ती विहीर इतकी देखणी दिसायची म्हणता! काळ्या दगडाच्या विहिरी अंगावर येतात. ही आतून उजळ होती, भिंतीवर तिरप्या रेघारेघा, वाळू जशी साचली तशा, आणि मधूनमधून गोट्यांच्या ओळी. वस्तीतल्या बायका सकाळ-संध्याकाळ येऊन डोकावून जायच्या. एक म्हातारी रोज एकच विचारायची, पाणी गोडं लागंल ना रे जावई? दादा खालून ओरडायचे, साखर टाकू का मावशे?

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडं काळ्या दगडाची विहीर खोदताना भिंतींना काही आधार देत नाहीत. लागतच नाही. तळ गाठायचा, पाणी पाडायचं, आणि मग शेवटी गवंडी आणून वरचा मातीचा भाग तेवढा बांधून घ्यायचा. खालचा दगड आपला आपण उभा. दादांनी जन्मभर हेच केलं, त्यांच्या वडलांनी हेच केलं. धोका बाराचा, भिंतीचा कधीच नाही. त्यामुळं सुरुंग नाही म्हटल्यावर कामावरचे सगळेच सैल झाले होते. नेहमी वात पेटवताना तोंडातून शब्द न काढणारे लोक इथं खाली गाणी म्हणत होते. दुपारी भाकरी खाऊन दादा तळातच, सावलीला म्हणून, भिंतीला पाठ लावून डुलकी काढायचे.

मग वाळूचा थर संपला आणि त्याखालचा काळा दगड लागला. दोन्हींच्या सांध्यातून पाणी झिरपायला लागलं. वस्तीत बातमी पसरली, बायका धावत आल्या, कुणीतरी गूळ वाटला. मी त्या दिवशी संध्याकाळी सगळे गेल्यावर एकटीच काठावर बसले होते. विहिरीत कुणी नव्हतं, यारी थांबलेली, आणि खालून बारीक आवाज येत होता. सुपातून बाजरी घरंगळावी तसा, थोडा वेळ यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. मी खाली निरखून पाहिलं तर पाण्याच्या रेघेच्या वर, ओल्या झालेल्या भिंतीतून वाळूची धार लागली होती. मी दादांना बोलावून आणलं. त्यांनी कान पुढं केला, डोळे मिटले, आणि म्हणाले, काही तर नाय. त्यांना ऐकू येणारच नव्हतं ते. बाराच्या आवाजावर पोसलेले ते कान. वाळूची धार दाखवली तर म्हणाले, थोडी झडणारच गं, दगड हाय तो, पीठ नाय.

मी मायकडं गेले. मला खात्री होती, ही माझ्याहून जास्त घाबरेल आणि उद्याचं काम बंद पाडेल. जी बाई टायर फुटल्यावर थबकते ती हे ऐकून घर डोक्यावर घेईल. ती भाकरीचं पीठ चाळत होती. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, सुरुंग लावायचाय का पण? मी म्हटलं, नाही. मग ती हसली. म्हणाली, मग कामून जीव टांगणीला लावतीस? माझ्यावानी नको होऊ बाई. जा, हातपाय धू. त्या रात्री मी बाळूला कुशीत घेऊन पडून राहिले, आणि मोठी माणसं इतकी निवांत कशी काय झोपू शकतात याचा मला राग येत होता.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन लवकर गेले. दादा तळात एकटे, तळातल्या काळ्या दगडाला पहारीनं खाच पाडत होते, पाणी एका बाजूला घ्यायला. मामा आणि बाकीचे दोघं यारीवर. मी टोपली उतरवून काठाशी गेले तर तो आवाज आता थांबत नव्हता, सलग चालू होता. मी ओरडले, दादा, वर या. त्यांनी वर पाहिलं, हात कानामागं नेला आणि विचारलं, काय? मी पुन्हा ओरडले. तेवढ्यात त्यांच्या पाठीमागची भिंत खाली बसली. पडली म्हणवत नाही, बसलीच ती, थकलेलं माणूस बसतं तशी, फार आवाज न करता. धूळ उडाली नाही, कारण सगळं ओलं होतं. जिथं दादा होते तिथं वाळूचा ढीग होता, आणि पहारीचं टोक तेवढं वर आलेलं.

मामा शिडीकडंही वळला नाही, यारीचा दोर धरून घसरत खाली गेला. त्याच्यामागं दुसरा. तिसरा वर राहिला, कारण डोल ओढायला कुणीतरी हवं होतं. त्याच्या जोडीला चाकाला मी हात लावला. खाली ते दोघं हातांनीच उकरत होते, फावडं लावायची भीती. पहिल्यांदा दादांचा हात दिसला, मग डोकं. तोंडात, नाकात वाळू. मामानं बोटं घालून ती काढली, आणि दादा खोकले. तो खोकला मी अजून विसरले नाही. छातीपर्यंत मोकळे करायला खूप वेळ लागला आणि तेवढ्या वेळात वरची भिंत झडतच होती. कुणीतरी मायला सांगितलं असणार. ती आली तेव्हा तिच्या हाताला पीठ होतं. ती रडली नाही, ओरडली नाही. काठाशी येऊन बसली आणि डोल वर येईपर्यंत पापणी न हलवता आत बघत राहिली. डोलात बसवून दादांना वर काढलं. दोन बरगड्या दुखावल्या, अंगभर सोललं, आणि उजव्या पायाला मुका मार. एवढंच. वस्ती म्हणाली, बचावले. आम्हीही तेच म्हणालो.

पण दादा बचावले नव्हते, म्हणजे ते पहिले दादा. पाचोडच्या डॉक्टरकडून पट्टे बांधून आणल्यावर ते मामाच्या दारातल्या लिंबाखाली बाजेवर पडून राहिले. हसणं बंद. मोठ्यानं बोलणं बंद. भाकरी मोडून तशीच ठेवायचे. चालायला लागल्यावरही विहिरीच्या वाटेला गेले नाहीत. परसाकडं जायचं तरी लांबून वळसा घ्यायचे. एकदा मामीच्या हातून पितळी निसटली तर ते दचकून उठून उभे राहिले. हे मी पाहिलं, मायनं पाहिलं, आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं नाही. वस्तीतलं कुणी त्यांना काही बोलत नव्हतं. त्याचंच जास्त वाईट वाटायचं. बायका पुन्हा घागरी घेऊन मळ्याकडं जायला लागल्या होत्या, आणि आमच्या दारावरून जाताना मुद्दाम आवाज न करता जायच्या.

मिरग जवळ आला होता. विहीर तशीच उघडी राहिली तर पहिल्या मोठ्या पावसाला चारी बाजूंनी आत बसणार आणि मंजूर झालेलं काम मातीत जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. दुसरी विहीर वस्तीला कोण देतंय? एकच उपाय होता: पडलेली वाळू उपसून तळातल्या काळ्या दगडावर पाया धरून वाळूचा सगळा थर आतून चिरेबंदी बांधून घ्यायचा, तोही लगोलग. मामा शहरात जाऊन आमीनचाचांना घेऊन आला. आमीनचाचा म्हणजे दादांचे नेहमीचे गवंडी, दोघांची जोडी माझ्या जन्माच्या आधीपासूनची. उंच, वाळके, मेंदी लावलेली दाढी. येताना ते आमच्यासाठी शहरातून नान घेऊन आले, दादांच्या उशाशी बसले, आणि त्यांच्या पायावरून हात फिरवत कितीतरी वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिले. मग विहीर बघून आले आणि म्हणाले, बांधता येईल.

पण त्यांची एक रीत होती. खोदणारा माणूस आधी तळात उतरून उभा राहणार आणि पहिला थर बसेपर्यंत वर येणार नाही. तरच गवंडी उतरणार. ज्यानं भिंत उभी कापली त्याचा तिच्यावर भरवसा आहे की नाही हे गवंड्याला त्यावरून कळतं. काळ्या दगडात हा नुसता उपचार होता. दादा खाली जाऊन विडी ओढत बसायचे आणि वरच्या चाचांना चिडवायचे. या वेळी चाचांनी तोच शब्द काढला तेव्हा कुणी हसलं नाही. मामा म्हणाला, मी उतरतो ना चाचा. चाचांनी मान हलवली. ते म्हणाले, "तेरा क्या रे बाबा. विहीर इनकी है. इनो खडे रहे तो मैं उतरूँगा. नै तो कम से कम इनके घर का कोई."

दादा उठले. काठी टेकत विहिरीपर्यंत आले, सगळी वस्ती मागं. शिडीच्या पहिल्या पायरीवर त्यांनी पाय ठेवला, दुसऱ्या पायरीवर ठेवला, आणि तिथं थांबले. शिडी हलत होती. वारं नव्हतं, कुणी धरून हलवत नव्हतं. त्यांच्या पायांनीच ती हलत होती. ते परत वर आले, काठापासून चार हात लांब जाऊन खाली बसले आणि उपरणं तोंडाशी धरलं. मी माझ्या वडलांना इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं आणि लाजही वाटली, आणि लाज वाटली याची पुन्हा वेगळी लाज वाटली. चाचा जमिनीकडं बघत होते. ते मुद्दाम अडून बसले नव्हते हे मला आज कळतं. त्यांच्या घरीही बायकोपोरं होती.

तेवढ्यात माय पुढं आली. तिनं पदर कमरेला खोचला, लुगड्याचा काष्टा वर घेऊन घट्ट केला, चपला काढून मामीच्या हातात दिल्या. चाचांना म्हणाली, "घरचं माणूस म्हणला ना तुम्ही? मी घरचीच हाय." चाचा गडबडले. भाभी, ये आपका काम नै, असं काहीतरी म्हणाले. मामानं तिचा दंड धरला. तिनं तो सोडवून घेतला, चिडून नाही, लेकराचा हात सोडवावा तसा, आणि शिडीला पाठ करून उतरायला लागली. मी ओरडले असेन. बाळू तर ओरडलाच. जिनं आयुष्यभर लांबच्या बारांना कान दिले ती बाई एक एक पायरी चाचपत त्या झडणाऱ्या भिंतींच्या मधून खाली जात होती, आणि वर आम्ही पन्नास माणसं नुसती बघत होतो.

ती तळाला गेली. पाण्यात उभी राहिली, घोट्यापर्यंत. वर पाहून काहीतरी बोलली. दादांना ते ऐकू गेलं नाही. ते सरकत सरकत काठाशी आले आणि मला विचारलं, काय म्हणती? मी ऐकलं होतं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "म्हणती, वाळू सुटली तर मला ऐकू येतंय. मी सांगते. तुम्ही या."

दादांनी काठी बाजूला ठेवली. शिडी आताही हलत होती, तळापर्यंत हलत होती, पण ते थांबले नाहीत. त्यांच्यानंतर चाचा बिस्मिल्ला म्हणून उतरले. मामानं यारीला पहिला चिरा बांधला.

संध्याकाळी पहिला थर बसवून तिघं वर आले. मायचे पाय पांढरेफटक पडले होते. घरी आल्यावर ती पोटभर जेवली, दोन भाकरी, वर पुन्हा पिठलं मागून घेतलं. दादा पण जेवले, फार नाही, पण जेवले. मला घास गिळेना. दिवसभर मी काठावर पालथी पडून होते. दोघंही खाली, आणि कुशीला बाळू. वाळूचा प्रत्येक दाणा माझ्या अंगावर पडत होता. मायनं माझ्या ताटाकडं पाहिलं. तिला कळलं. ज्याला तो आजार असतो त्याला दुसऱ्याचा लगेच कळतो. ती हळू आवाजात म्हणाली, "उद्या तू बी चल माझ्यासंगं. वरच भ्या वाटतं गं. खाली काय वाटत नाय."

दुसऱ्या दिवशी दादा नि चाचा उतरल्यावर मी मायच्या पाठोपाठ उतरले. भिंतीला हात लावत लावत. ओली, गार वाळू तळहाताला चिकटत होती, मधेच एखादा गोटा गुळगुळीत लागायचा. तळाला पोचले तसा मायनं माझा हात धरला. तिचा हात थरथरत होता. बाहेरून दिसत नव्हतं, पण हातात हात आल्यावर लपलं नाही. ती खोटं बोलली होती. खाली वरच्यापेक्षा जास्त भ्या वाटत होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं, आणि दादांना आमच्यातलं काही कळू नये म्हणून आम्ही दोघी खाली वाकून चाचांना फटीत बसवायच्या दगडाच्या चिपा उचलून द्यायला लागलो.